वंशावळ पेन्सिलीनं काढा: गोव्यात घराण्याचा शोध सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या पणजोबांचं जन्मसाल शोधण्यात मी चार वर्षं घालवली. एका खरेदीखतात त्यांचं वय दिलं आहे, त्यावरून १८७६ येतं. त्यांच्या थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर झालेल्या इन्व्हेंतारातल्या (मालमत्ता नि वारसांच्या यादीतल्या) वयावरून १८८१ येतं. तिसरा एक कागद खरा मानला तर ते स्वतःच्या धाकट्या भावाहून लहान ठरतात. मी पणजी, मडगाव, फोंडा अशा खेपा घातल्या. एका कार्यालयात ‘ते पुस्तक वाळवीनं खाल्लं’ हे तीन वेगवेगळ्या माणसांकडून तीनदा ऐकलं. तेवढा काळ घराण्याचा तक्ता गुंडाळी करून कपाटावर पडला होता. पुरा झाल्याशिवाय कोणाला दाखवायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

त्या चार वर्षांत बाबांची आते गेली. मडगावचे काका गेले. आजीच्या कुळारची, म्हणजे माहेरची, एक म्हातारी होती. आमची पणजी कुठल्या घरातली, तिच्या बहिणी कुठं कुठं दिल्या, कोणाला मूल झालं नाही, हे सगळं तिच्या जिभेवर असायचं. ती आहे अजून, पण आता तिला माझं नावही आठवत नाही. पणजोबा १८७६ साली जन्मले की १८८१ साली, यानं आमच्या घराच्या कहाणीत काडीचा फरक पडत नाही. त्या म्हातारीपाशी जे होतं, ते मात्र कुठल्याच दफ्तरात नाही.

गोव्यात कुठला कागद कुठं मिळतो ते पुढं सांगतोच. पण त्याहून जास्त, कुठला शोध कुठं सोडायचा ते सांगणार आहे, कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

काय काय जवळ हवं

- दोनशे पानी वही, पेन्सिली, खोडरबर. पेन मुद्दाम ठेवू नका.
- चार्ट पेपराच्या दोन-तीन शीटा.
- फोन. आवाज टिपायला आणि कागदांचे फोटो काढायला तो पुरतो. स्कॅनर विकत घेऊ नका.
- घरातले कागद: जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, जुनी खतं, एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे, घरपट्टीच्या पावत्या, शाळेचे दाखले, देवळाच्या पावत्या आणि श्राद्धाच्या वेळी भटजींपुढं ठेवतात तो नावांचा कागद.
- जुने फोटो. फोटोची मागची बाजूही टिपा. नावं नि सालं तिथंच असतात.
- कार्यालयात जाताना ओळखपत्राची प्रत आणि तुमचं त्या माणसाशी नातं दाखवणारा एखादा दाखला.
- पोर्तुगीज हस्ताक्षर वाचू शकणारं एक ओळखीचं माणूस. निवृत्त शिक्षक, जुने वकील, नोटरीकडचे जुने कारकून यांच्यात सापडतं. मोडी वाचणारा मिळाला तर दुधात साखर.

जुन्या कागदांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. आमच्या घरातली एक पत्रिका अशीच ‘जपून’ ठेवली होती. आतल्या आत पिवळी पडून अक्षरं गेली, आणि आता ती उलगडताही येत नाही.

१. वंशावळ हवी आहे की फाइल, ते आधी ठरवा

गोव्यात जुने दाखले शोधणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. काहींना आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा असतो, म्हणजे पुढं पोर्तुगीज पासपोर्टाचा मार्ग मोकळा होतो. किंवा वडिलार्जित जमिनीची वाटणी करायची असते. बाकीच्यांना आपण कोण, कुठले, एवढंच जाणून घ्यायचं असतं.

पहिल्या कामात नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी फाइल परत येते. तिथं काटेकोरपणा हवाच, आणि त्यासाठी वकील आहेत. घोटाळा होतो तो दुसऱ्या वर्गातली माणसं पहिल्या वर्गाची शिस्त उचलतात तेव्हा. माझंही तेच झालं. चुलतभावाच्या पासपोर्टाची फाइल पाहून पाहून मला वाटायला लागलं, की शिक्क्याचा दाखला नसेल तर पणजी झालीच नाही. वंशावळीवर कोणी शिक्का मारायला येत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक वंशावळकारांचे जे लिखित निकष आहेत, त्यांतही अपेक्षा ‘वाजवी इतक्या सखोल’ शोधाची आहे, संपूर्ण शोधाची नाही.

दोन्ही कामं करायची असतील तर दोन वेगळ्या फाइली करा. अगदी वेगळ्या रंगाच्या.

२. दफ्तराआधी माणसं

दफ्तर पुढच्या वर्षीही तिथंच असेल. म्हणून पहिले दोन महिने कार्यालयाची पायरी चढू नका. घराण्यातली सगळ्यांत वयस्क पाच माणसं निवडा आणि त्यांच्याकडं जाऊन बसा. पुरुषांआधी बायकांकडं जा. पुरुष जमिनी सांगतात, बायका माणसं सांगतात.

तारीख विचारू नका. ‘कितवं साल?’ म्हटलं की म्हातारं माणूस चूक होईल म्हणून गप्प बसतं, आणि तो संकोच सबंध बैठकीवर पसरतो. त्याऐवजी खुंटी द्या. मुक्ती झाली तेव्हा तू शाळेत होतीस का? ओपिनियन पोलाच्या वेळी तुझं लग्न झालं होतं का? लोहिया मडगावला आले तेव्हा तुझे बाबा कुठं होते? पहिली खुंटी डिसेंबर १९६१ची, पोर्तुगीज गेले तेव्हाची; दुसरी जानेवारी १९६७ची, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या कौलाची; तिसरी जून १९४६ची, लोहियांच्या सत्याग्रहाची. ‘तेव्हा मोठी मुलगी रांगत होती’ असं उत्तर आलं की साल आपोआप मिळतं. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या गोष्टी आता ऐकीवच असतात, पण कित्येक घरांत ‘एका महिन्यात तीन प्रेतं’ अशी आठवण टिकून आहे. ती विचारा.

दुसरी युक्ती श्राद्धाची. भाद्रपदातल्या महालयात बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावं गोत्रासह उच्चारली जातात. म्हणजे तुमच्या आजोबांनी ज्या कागदावरून श्राद्ध केलं तो सापडला, तर त्यांच्या पणज्यापर्यंत सहज पोचता. तो कागद घरी नसेल तर कुळाच्या भटजींकडं विचारा. आमच्या भटजींनी पंचांगात घडी घालून ठेवलेला एक कपटा काढून दिला. वर हळदीचा डाग, खाली सात नावं. चार वर्षांच्या खेपांत मला त्यातली पाचच मिळाली होती.

एक मात्र लक्षात ठेवा. श्राद्धात बाईचं सासरचं नाव येतं. लग्नात नाव बदललेलं असतं, त्यामुळं कुळारचं नाव वेगळं विचारावं लागतं. प्रत्येक बाईच्या नावापुढं वहीत दोन रकाने ठेवा. दुसरा रिकामा राहिला तरी ठेवा. रिकामा रकाना पुढच्या भेटीत प्रश्न आठवून देतो.

३. प्रत्येक नोंदीला खूण

परिपूर्णतेच्या खोड्यातून मला बाहेर काढलं ते ह्या एका साध्या सवयीनं. प्रत्येक नावापुढं, सालापुढं, नात्यापुढं तीनपैकी एक अक्षर लिहायचं.

का – कागद पाहिला आहे. कुठला आणि कुठं, ते शेजारी.
ऐ – ऐकलं आहे. कोणाकडून आणि कधी, ते शेजारी.
अं – माझा अंदाज. कशावरून, ते शेजारी.

बस्स. ‘ऐ’ म्हणजे खोटं नव्हे आणि ‘का’ म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. नोटरीपुढं वय सांगणारे माझे पणजोबाही अंदाजानंच सांगत होते. पण खूण केली की मन मोकळं होतं. तुम्ही काही दडपून सांगत नाही, आणि काही अडवूनही धरत नाही. माझ्या तक्त्यात आज पणजोबांपुढं ‘१८७६–१८८१, का, का’ असं लिहिलं आहे. दोन ‘का’ एकमेकांशी भांडताहेत. भांडू देत.

४. आता कागद: कुठं काय मिळतं

नवख्यांनी हा क्रम ठेवावा. मी उलट्या क्रमानं गेलो आणि दमलो.

_तालुक्याचं नागरी नोंदणी कार्यालय._ जन्म, लग्न, मृत्यू. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आलं, १९११ साली नागरी नोंदणीचा कायदा झाला, आणि त्यानंतरच्या काळात इथंही सर्वधर्मीयांची नोंदणी रुळत गेली. त्यामुळं हिंदू घराण्याला विसाव्या शतकाच्या आधीचा जन्मदाखला मिळण्याची आशा फार धरू नये. नंतरचीही सगळी नावं असतीलच असं नाही. घरी जन्मलेलं मूल कित्येकदा उशिरा नोंदवलं गेलं, तेही अंदाजी तारखेनं. लग्नाची नोंद मात्र सोनं आहे: वर-वधूंचे आईबाप, गाव, वय, सगळं एका ठिकाणी. गाव आणि साधारण दहा वर्षांचा पट्टा सांगून अर्ज करा. ‘तारीख नेमकी माहीत नाही म्हणून गेलो नाही’ असं करू नका.

_इन्व्हेंतार आणि वारसाचं खत._ गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला ज्याचा हेवा वाटावा, असा हा ठेवा आहे. १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा इथं १८७० पासून लागू झाला. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली वेगळं फर्मान निघालं, तरी मूळ चौकट तीच राहिली: बायको संसाराच्या निम्म्या मालमत्तेची धनीण, आणि मुलगी वारस. माणूस मेला की मालमत्तेची यादी करताना सगळ्या वारसांची नावं, वयं, लग्नं आणि जावयांचीही नावं लिहावी लागत. काबेस-द-काझाल, म्हणजे मालमत्तेची यादी देणारं घरातलं मुख्य माणूस, म्हणून बहुधा विधवाच पुढं असे. घराण्याच्या तोंडी वंशावळीत मुली गाळल्या जातात. इन्व्हेंतारात गाळता येत नाहीत. आमच्या एका आज्ज्याला ‘दोन मुलगे’ एवढंच आम्ही ऐकून होतो. कागदात चार मुली निघाल्या, त्यांतली एक विधवा होऊन घरी परतलेली.

जुनी इन्व्हेंतारं न्यायालयाच्या दफ्तरात, वारसाची खतं नोटरीच्या पुस्तकात. घरात कोणी पूर्वी जमिनीचा व्यवहार केला असेल तर प्रत बहुधा कुठल्यातरी पेटाऱ्यात किंवा वकिलाकडं असते. आधी तिथं शोधा.

पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका. वीसेक शब्द पुरतात. फिल्यु म्हणजे मुलगा, फिल्य मुलगी, काझादु लग्न झालेला, सोल्तैरु अविवाहित, विउव विधवा, मेनोर अज्ञान, फालेसिदु मयत, एर्दैरु वारस. हे शब्द दिसले तिथं बोट ठेवा आणि फक्त त्या ओळी वाचून घ्या. पहिल्या कागदाचं मी अथपासून इतिपर्यंत भाषांतर करून घेतलं होतं. त्यातली बारा पानं माडांची संख्या नि बांधांच्या हद्दी होत्या.

_कोमुनिदाद._ गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था. तुम्ही गांवकार, म्हणजे तिचे वंशपरंपरेनं सभासद, असाल तर. नवा गांवकार दाखल करताना बापाचं नाव आणि वांगड (गांवकारांतली कुळशाखा) लागतो, म्हणून ह्या याद्या पिढ्यांना पिढी जोडून देतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत एकाच वांगडात हिंदू आणि ख्रिस्ती आडनावं शेजारीशेजारी दिसली तर दचकू नका; ते तुमचेच भाऊबंद असू शकतात. त्यांच्या शाखेचा माग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत लागतो, आणि तो तुमच्या शाखेहून मागं जाण्याची शक्यता जास्त.

_देवस्थान._ महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, याद्या देवस्थान समितीकडं असतात, आणि देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदाराकडंही. कुळदैवत तुम्हांला वंशावळ देत नाही, पण गाव देतं. मंगेशी प्रियोळला आहे, पण मूळ कुठ्ठाळीची. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, बांदिवड्याची महालक्ष्मी कोलव्याची, रामनाथ लोटलीचा, शिरोड्याची कामाक्षी रायची. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा देव नदीपार अंत्रुजात (फोंडा महालात) आले आणि त्यांच्यामागून कित्येक कुळावी, म्हणजे त्या देवांची कुळं. तेव्हा फोंडा महाल पोर्तुगिजांकडं नव्हता. तो त्यांनी १७६३ साली घेतला.

_पुराभिलेख, पणजी._ १५९५ साली सुरू झालेलं दफ्तर, पहिला रखवालदार दियोगु दो कोतु हा इतिहासकार. पुढं पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते लावलं आणि १९५५ साली पोर्तुगीजमध्ये त्याची मार्गदर्शिका छापली. नाव ऐकून नवख्याला पहिल्याच दिवशी इथं यावंसं वाटतं. येऊ नका. गाव, तालुका, साधारण काळ आणि एखादा खटला किंवा जमीन एवढं हाती आल्यावरच या. नाहीतर समुद्रात सुई. मी पहिल्या खेपेला ‘माझं घराणं हवंय’ असं सांगितलं, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी फार सभ्यपणे पाण्याचा ग्लास पुढं केला.

_एक-चौदा_ सगळ्यांत सोपा, घरबसल्या निघतो. मुक्तीनंतरच्या मोजणीचा असल्यानं फार मागं जात नाही, पण त्यात जुन्या सहहिस्सेदारांची नावं असतात. नाव चुकलेलं असणार हे गृहीत धरा.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी कधी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत सही असू शकते. आमची निघाली नाही. एका मित्राची निघाली, पाच पिढ्यांची. तेव्हापासून तो मला फोन करत असतो.

५. स्पेलिंगच्या मागं धावू नका

एकच माणूस चार कागदांत चार तऱ्हेनं लिहिलेला असतो. मी सुरुवातीला ही चार माणसं समजलो, आणि प्रत्येकाला तक्त्यात वेगळी चौकट दिली.

पोर्तुगीज कारकुनाचा कान कळला की हा घोळ सुटतो. त्यासाठी गावांचे फलक वाचत फिरा. शेल्डें ‘एक्स’नं सुरू होतं, म्हणजे श साठी एक्स. केपें ‘क्यू’नं, म्हणजे के-कि साठी क्यू-यू. डिचोली आणि शिवोली ‘एम’नं संपतात, तो म म्हणून वाचायचा नाही, नाकात म्हणायचा. आता याच कानानं शंकर, केशव, गणेश लिहून पाहा. प्रभूचा पोरोबो, कामताचा कामोतीं, शेणव्याचा सिनाय, शेटाचा शेते. लक्ष्मण आणि विश्वनाथ ही दोन नावं मी सात-सात रूपांत पाहिली आहेत.

आडनावाचं आणखी कठीण. गाव सोडलं की नव्या गावावरून आडनाव पडतं, म्हणून सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघू शकतात. सिनाय कधी पुढं लागतो, कधी गळतो. मुक्तीनंतर अनेकांनी नावंच बदलून घेतली. आणि थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रिवाजामुळं विठ्ठल नरसिंह, नरसिंह विठ्ठल, विठ्ठल नरसिंह अशी माळ लागते, त्यात एक पिढी गिळली जाते किंवा दुप्पट होते. इथं नावावर न जाता बायकोचं नाव पाहा. नवरे एकाच नावाचे असले तरी बायका वेगळ्या असतात.

तक्त्यात एकच रूप वापरा, घरात ज्या नावानं हाक मारत ते. बाकीची रूपं वहीत. ‘खरं स्पेलिंग’ असं काही नव्हतंच. ज्या माणसाचं नाव होतं त्यानं ते रोमी लिपीत कधी लिहिलंच नव्हतं.

६. तारखांचा हिशेब

पत्रिकेत शके असतं. चैत्रापासून पुढं डिसेंबर अखेरपर्यंतच्या जन्माला ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंतच्या जन्माला ७९. शके १८२०च्या श्रावणातला जन्म १८९८चा, माघातला १८९९चा. तिथीवरून इंग्रजी तारीख काढून देणारी संकेतस्थळं आहेत. हौस असेल तर काढा. नसेल तर साल पुरे.

कागदावरचं वय पाच वर्षं इकडं-तिकडं धरा. तीस, चाळीस, पन्नास अशी गोल वयं दिसली तर दहा वर्षं.

७. कुठं थांबायचं

माझा नियम तीन खेपांचा. एका प्रश्नासाठी तीन वेगळ्या ठिकाणी विचारायचं: एक माणूस, एक घरातला कागद, एक कार्यालय. तिन्हीकडं हात रिकामा राहिला की ‘अं’ लिहायचं आणि पुढच्या माणसाकडं वळायचं. चौथी खेप तेव्हाच, जेव्हा नवा धागा आपणहून समोर येतो.

बहुतेक हिंदू घराण्यांचा माग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास विरत जातो. त्याच्या मागं देव हलल्याची आठवण, आणि मधली जवळजवळ तीनशे वर्षं पोकळ. ती भरायचा मोह फार होतो. कोणीतरी इंटरनेटवरून घराण्याची परंपरा थेट परशुरामापर्यंत किंवा गौडदेशापर्यंत नेऊन दिलेली असते, मधल्या प्रत्येक पिढीला नाव देऊन. ते उचलू नका. मी त्या जागी चार्ट पेपराचा एक वीतभर भाग कोरा सोडला आहे. पाहुण्यांना तो छापताना राहिलेला वाटतो.

आणि मागं जाण्यापेक्षा आडवं जाणं जास्त फळतं, हे फार उशिरा कळलं. पणज्याचा पणजा शोधण्यापेक्षा पणजीच्या बहिणींच्या नातवंडांना शोधा. ती जिवंत आहेत, आणि त्यांच्याकडं फोटो आहेत.

८. चुका असलेला तक्ता चवथीला लावा

आमचं व्हडलें (मूळ, मोठं) घर एक, गणपती एक, आणि चवथीला मुंबई-पुण्यापासून सगळे येतात. तीन वर्षांपूर्वी मी शेवटी धीर करून तो अपुरा तक्ता राजांगणाच्या भिंतीला लावला, शेजारी दोरीला बांधून पेन्सिल. वर लिहिलं: ‘चुकीचं असेल तर सुधारा.’

माटोळी बांधून होईपर्यंत कोणी बघितलं नाही. मग पातोळ्या खाऊन झाल्यावर एक काकी चष्मा लावून जवळ गेल्या. “हें कोणें बरयलां (लिहिलंय)? माईचें कुळारचें नांव तें न्हय!” पेन्सिल उचलली. त्यांच्यामागून वास्कोचे दादा. “म्हज्या बापायक तेगी भयणी आशिल्ल्यो, तुवें दोगीच बरयल्यात.” (माझ्या बापाला तीन बहिणी होत्या, तू दोनच लिहिल्यास.) आरतीपर्यंत अकरा दुरुस्त्या. ज्यांना मी घरी जाऊन विचारलं होतं आणि ‘काय आठवत नाही रे’ म्हणाले होते, तेच आता एकमेकांशी वाद घालत होते. रिकाम्या वहीपुढं माणसाला आठवत नाही. चुकीचं लिहिलेलं दिसलं की आठवतं.

एक काका रागावले, त्यांच्या शाखेची ओळ खाली आली म्हणून. पुढच्या वर्षी तक्ता आडवा काढला. दुरुस्त्यांचा फोटो त्याच संध्याकाळी काढून ठेवा. आमच्याकडं रात्री एका पोरानं खोडरबरही वापरला.

चवथीला जमत नसेल तर जत्रा, महालय, मुंजीचा मांडव, काहीही चालेल. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकूनही चालतं, पण तिथं ‘खूप छान’ असे अंगठे येतात, दुरुस्त्या येत नाहीत.

९. जे भिंतीवर लावायचं नाही

शोध घेताना दत्तक निघेल, दुसरं घर निघेल, वेडाच्या नावाखाली कोंडून ठेवलेली एखादी आते निघेल. वहीत लिहा, सगळं लिहा. तक्त्यावर काय लावायचं ते ज्यांची आई किंवा आजी आहे त्यांना विचारून ठरवा. आमच्याकडं असं एक नाव होतं. तिच्या नातवाला विचारलं. तो दोन दिवस बोलला नाही, मग म्हणाला, लाव. ते लावलं त्या वर्षी त्याच्या घरची माणसं पहिल्यांदा चवथीला आली.

जिवंत माणसांच्या जन्मतारखा तक्त्यावर किंवा इंटरनेटवर टाकू नका. नाव पुरे.

१०. प्रती

दर वर्षी चवथीनंतर तक्ता पुन्हा काढा, त्यावर साल घाला, तीन प्रती करा: एक व्हडल्या घरात, एक तुमच्याकडं, एक अशा भाच्याकडं की जो वस्तू हरवत नाही. संगणकावर ठेवायचं असेल तर ग्रॅम्प्स नावाची फुकट प्रणाली आहे, नाहीतर साधी स्प्रेडशीट. फाइलच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द घालू नका. माझ्याकडं ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ आणि ‘खरंच अंतिम’ अशा तिन्ही आहेत आणि तिन्हींत वास्कोच्या दादांची तिसरी आते नाही.

तिचं नाव दादांनाही ठाऊक नाही. लहानपणीच गेली म्हणे. यंदाच्या तक्त्यात तिच्यासाठी एक चौकट आहे, आत ‘मुलगी, ऐ, दादा’, आणि पेन्सिल खाली बांधलेली.